धरण भरलंय, जायचं का? टक्के, येवा आणि विसर्ग वाचून ठरवा

सप्टेंबर अर्धा सरला की धरणांच्या बातम्यांचा सूर बदलतो. जुलैत "साठ्यात वाढ" असं छापून येतं, आता "९८ टक्के भरलं, चार दरवाजे उचलले" असं येतं. डोंगर हिरवे असतात, पाण्यातला गाळ खाली बसून रंग निवळलेला असतो, पाऊस झड न लावता सरींनी येतो. धरण बघायला वर्षातले सर्वांत चांगले दिवस हेच. पण याच दिवसांत धरणात रिकामी जागा उरलेली नसते. जुलैत डोंगरात कोसळलेला पाऊस धरण पोटात घेतं. सप्टेंबरात तोच पाऊस काही तासांत खाली नदीत उतरतो. सहलीची वेळ, जागा आणि परतीचा रस्ता ठरवताना हे आधी ध्यानात घ्यावं लागतं.

आकडे कसे वाचायचे

साठा टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये साधारण २,८३२ कोटी. काही जिल्ह्यांत तोच आकडा दशलक्ष घनफुटात येतो, सरकारी तक्त्यांत दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये. एक टीएमसी म्हणजे १,००० दशलक्ष घनफूट किंवा २८.३ दलघमी, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

वाहतं पाणी क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. हजार क्युसेक म्हटलं की डोळ्यांसमोर दहा हजार लिटरचे टँकर आणा: दर सेकंदाला जवळजवळ तीन टँकर. दहा हजार क्युसेकला सेकंदाला अठ्ठावीस. साठा आणि प्रवाह जोडायचं सोपं सूत्र असं की ११,५७४ क्युसेक चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतो.

टक्क्यांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण तोच सर्वांत फसवा. काही धरणांचे टक्के एकूण साठ्यावर काढतात, काहींचे फक्त उपयुक्त साठ्यावर. कोयनेच्या बातम्यांत बहुधा १०५.२५ टीएमसी हा एकूण साठा धरलेला असतो. उजनीचं तसं नाही. तिथे सुमारे ६३.६६ टीएमसी मृत साठा आहे, म्हणजे नेहमीच्या पाणीवाटपात न धरलेलं खालच्या पातळीचं पाणी, आणि टक्के काढतात ते वरच्या ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठ्यावर. म्हणून उन्हाळ्यात उजनी "उणे" जाते आणि पावसाळ्याअखेर शंभरच्याही वर. उणे टक्के असताना तिथे भरपूर पाणी दिसतं, ते यामुळे.

सहलीसाठी टक्क्यांपेक्षा दोन आकडे जास्त कामाचे: येवा आणि विसर्ग. पाणलोट क्षेत्रातून, म्हणजे ज्या भागातलं पावसाचं पाणी उतरून धरणात येतं त्या भागातून, दर सेकंदाला येणारं पाणी म्हणजे येवा. बातम्यांत "आवक" लिहितात. बाहेर सोडलेलं पाणी म्हणजे विसर्ग. येवा सहसा थेट मोजत नाहीत. ठरावीक तासांत साठ्यात किती भर पडली आणि त्याच वेळात किती सोडलं, यांची बेरीज करून तो काढतात. म्हणून हाती आलेला येवा हा मागच्या काही तासांची सरासरी असतो. डोंगरात आत्ता जे कोसळतंय ते त्यात अजून आलेलं नसतं.

आता रिकामी जागा. खडकवासला धरणाची क्षमता १.९७ टीएमसी. ते ९५ टक्के भरलं असेल तर शिल्लक जागा जेमतेम ०.१ टीएमसी. येवा वीस हजार क्युसेक झाला तर ही जागा दीड तासाच्या आत संपते. कोयना ९५ टक्के असेल तर शिल्लक जागा सव्वापाच टीएमसी. त्याच वीस हजार क्युसेकला ती भरायला तीन दिवस लागतात. दोन्ही ठिकाणी टक्के तेच, पण एकीकडे चहा पिऊन होईपर्यंत निर्णय बदलतो आणि दुसरीकडे उद्याचा बेत आजच आखता येतो. धरण लहान, वर डोंगर मोठा आणि पाणलोटात संततधार असेल, तर त्या दिवशी नदीपात्राजवळ जाऊच नका.

पावसावरून अंदाज बांधायचा तर हे गणित करून बघा. कोयनेचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला, तर तीन टीएमसीहून थोडं जास्त पाणी होतं. जूनमध्ये तापलेली जमीन त्यातलं बरंच पिऊन टाकते. सप्टेंबरात जमीन भिजून तट्ट असते, मुरायला वाव नसतो. त्यामुळे त्याच पावसाचं पाणी धरणात जास्त येतं आणि लवकर येतं. अंदाज घ्यायचा तर धरणावर किती पाऊस आहे हे न विचारता पाणलोटात किती आहे ते विचारा. कोयनेसाठी पाणलोटातल्या नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस बघा. पैठणला लख्ख ऊन असताना जायकवाडीचे दरवाजे उघडे दिसू शकतात, कारण नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरतो तो नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून गोदावरी-प्रवरेत सोडलेल्या पाण्यावर. उजनीचंही तसंच: पुण्याच्या वरच्या धरणांतून सुटलेलं पाणी दौंडला मोजलं जातं आणि तिथला आकडा वाढला की काही तासांनी उजनीचा येवा वाढतो.

आत्ताच एवढं पाणी का सोडतात?

"धरण भरलंय तर पाणी साठवायचं सोडून नदीत का घालवतात", हा प्रश्न प्रत्येक सहलीत कुणीतरी विचारतंच. प्रत्येक मोठ्या धरणाची जलाशय परिचालन सूची ठरलेली असते. कोणत्या तारखेला पातळी कुठवर न्यायची हे त्यात असतं. पावसाचा जोर असलेल्या महिन्यांत पुरासाठी थोडी जागा मोकळी ठेवायची आणि पाऊस ओसरताना धरण काठोकाठ न्यायचं, असा तिचा साधारण आकार. १५ ऑक्टोबरचा साठा महत्त्वाचा, कारण पुढच्या रब्बी आणि उन्हाळी आवर्तनांचं, म्हणजे कालव्यातून पाळीपाळीने सोडायच्या पाण्याचं, नियोजन त्यावर बेततात. म्हणून सप्टेंबरअखेर अभियंते पातळी पूर्ण संचयाला, म्हणजे धरण पूर्ण भरल्याच्या खुणेला, टेकवून ठेवतात. अशा वेळी एक दमदार सर आली तरी तेवढंच पाणी बाहेर काढावं लागतं. ऑगस्टमध्ये दरवाजे उघडले म्हणजे मोठा पाऊस झाला असं समजतात. सप्टेंबरात छोट्या पावसालाही दरवाजे उघडतात.

मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेलं तर भराव धुपून भिंतच जाते, त्यामुळे तिथे वेळेत सांडव्यातून, म्हणजे जादा पाण्यासाठी ठेवलेल्या वाटेने, पाणी काढण्याला पर्याय नसतो. पानशेतचं काम पुरं होण्याआधीच त्यात पाणी साठलं होतं आणि १२ जुलै १९६१ रोजी तो भराव फुटला. पाठोपाठ खालचं खडकवासलाही फुटलं आणि पुण्यात हाहाकार झाला. दरवाजे उघडण्यात दिरंगाई करत नाहीत, त्यामागे ही आठवण आहे.

दरवाजा उचलतो म्हणजे काय होतं

दार खिडकीसारखं उघडतं आणि वरून पाणी ओसंडतं, असा अनेकांचा समज असतो. मोठ्या धरणांवर बहुधा वक्राकार दरवाजे असतात. ते वर उचलले जातात आणि पाणी दाराच्या खालून, वरच्या सगळ्या उंचीचा दाब घेऊन सुटतं. म्हणून "दीड फूट उचलला" हे ऐकायला किरकोळ वाटलं तरी विसर्ग हजारो क्युसेकचा असतो. फट दुप्पट केली की विसर्गही जवळपास दुप्पट होतो. कोयनेला असे सहा दरवाजे आहेत, जायकवाडीला सत्तावीस, उजनीला एकेचाळीस. सगळे एकदम उघडत नाहीत. पाणी पात्राच्या मधोमध पडावं आणि काठ खाऊ नये अशा बेताने निवडून उघडतात. त्यामुळे सत्तावीसपैकी दहाच उघडे दिसले तर हिरमुसू नका.

दरवाजे उघडण्याआधी बहुधा धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहातून, म्हणजे पायथा वीजगृहातून, पाणी सुटतं. कोयनेच्या पायथा वीजगृहाचे दोन्ही संच चालू असले की विसर्ग २,१०० क्युसेक असतो. बातमीत फक्त एवढाच आकडा असेल तर सांडवा कोरडा आहे असं समजा. त्यापेक्षा आकडा बराच मोठा असला तर दरवाजे उघडे आहेत.

भोगावती नदीवरचं राधानगरी या सगळ्यांपेक्षा निराळं. शाहू महाराजांनी हे काम हाती घेतलं आणि इथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पातळी ठरलेल्या खुणेला पोचली की वजनाच्या तोलावर दार आपोआप उघडतं, पातळी उतरली की मिटतं. प्रत्येक दारातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सातही उघडले तर दहा हजारांच्या आसपास. इथे बटण कुणी दाबत नाही, त्यामुळे दार नेमकं कधी उघडणार हे घड्याळ लावून सांगता येत नाही. स्वयंचलित दरवाज्यांची कल्पना अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला प्रत्यक्षात आणली होती. त्यांचा जन्मदिवस १५ सप्टेंबर. ऐन भरल्या धरणांच्या दिवसांत अभियंता दिन येतो, हे मनाला फार योग्य वाटतं.

सांडव्याच्या पायथ्याशी पाण्याचा जोर मोडण्यासाठी कुंड किंवा वर वळलेली उसळी बांधलेली असते. तिथला पांढरा फेस दुरून सुंदर दिसतो. जवळून मात्र तो सर्वांत घातक, कारण तळाशी पाणी पुढे धावतं आणि पृष्ठभागावरचं मागे, भिंतीकडे फिरतं. त्यात सापडलेली वस्तू बाहेर न फेकली जाता तिथेच गरगरत राहते. फेसात हवा मिसळलेली असल्याने पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पाणी धरत नाही. भरल्या धरणाखाली मासे चढतात म्हणून जाळी घेऊन लोक तिथे उतरतात. त्यांच्या मागोमाग फोटोसाठी जाऊ नका.

उभं कुठे राहायचं

धरणाची भिंत प्रतिबंधित क्षेत्र असते. अभ्याससहलीसाठी जायचं असेल तर संबंधित उपविभागीय अभियंत्याच्या कार्यालयात आधी पत्र देऊन, ओळखपत्रांसह लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि विसर्ग चालू असताना ती बहुधा मिळत नाही. ड्रोन घरीच ठेवा. दगडी पिचिंगवर, म्हणजे भरावाच्या उतारावर रचलेल्या दगडांवर, उतरणं तर टाळाच: शेवाळलेल्या दगडावर पाय सुटला की उताराला धरायला काही नसतं.

भिंतीवर न जाताही दृश्य चुकत नाही. कोयनानगरचं नेहरू उद्यान धरणाकडे तोंड करूनच बसवलेलं आहे. भंडारदऱ्याला, १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या पायथ्याशी, छत्री धबधबा आहे. गोल खडकावर पाणी पडून छत्री उघडल्यासारखं दिसतं. पण हा नैसर्गिक धबधबा नाही. धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं तरच तो दिसतो. खालच्या रंधा धबधब्याचा जोरही प्रवरेत किती विसर्ग चालू आहे त्यावरच ठरतो. दोन्हींसाठी निघण्याआधी भंडारदऱ्याचा विसर्ग विचारा, नुसता पाऊस नको.

तुषारांत इंद्रधनुष्य बघायचं तर सूर्य पाठीशी आणि बराच खाली हवा. धरणाची भिंत कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते नकाशावर आधीच बघून सकाळ की संध्याकाळ ते ठरवा.

दगडी धरणाच्या भिंतीवर ओलसर पट्टे, पाझरणाऱ्या धारा दिसल्या की व्हिडिओ काढून "धरण फुटतंय" असा मजकूर फिरवला जातो. दगडी भिंतीतून थोडं पाणी झिरपणं अपेक्षितच असतं. आतल्या निरीक्षण गॅलरीत ते गोळा करून रोज मोजतात. पाझर अचानक वाढला किंवा मातीच्या धरणाच्या पायथ्याशी गढूळ पाणी निघू लागलं, तर ती कळवण्यासारखी गोष्ट. अशा वेळी समाजमाध्यमांवर न टाकता जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा.

कोयना परिसरात मुक्कामाला असताना जमीन हलकीच थरथरली तर दचकू नका. ११ डिसेंबर १९६७ च्या विनाशकारी भूकंपानंतर हा भाग भूकंपशास्त्रज्ञांच्या नित्य निरीक्षणाखाली आहे आणि पाऊस सरताना, जलाशय भरलेला असताना इथे लहान धक्क्यांची नोंद होत असते.

धरणाखालची नदी

बहुतेक अपघात भिंतीपाशी होत नाहीत. खाली पाच-दहा किलोमीटरवर होतात, जिथे धरण दिसतही नाही. विसर्ग वाढवण्याआधी भोंगा वाजतो, गावांना सूचना जाते. पण भोंग्याचा आवाज खालच्या वळणावर पोचत नाही आणि पाणी पोचतं. पात्रातल्या खडकावर बसलेल्यांना पाणी वाढलेलं आधी समोर दिसत नाही, पाठीमागची उथळ वाट बुडाल्यावर कळतं. खडक आणि काठ यांच्यामध्ये घोट्याएवढं जरी पाणी असलं तरी त्या खडकावर जायचं नाही, हा नियम मुलांनाही पाठ करून द्यावा असा आहे.

वीजगृहाच्या खालची नदी तर पावसाशिवायही चढते. विजेची मागणी वाढली की संच सुरू होतात आणि कोरडं पात्र थोड्या वेळात भरतं. कोलाडला कुंडलिकेवरचं राफ्टिंग भिरा वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्याच्या वेळेवरच चालतं, यावरून कल्पना येईल. कोयनेचं पश्चिमेकडे वळवलेलं पाणीही पोफळीकडच्या वीजगृहांतून पुढे वाशिष्ठीत जातं. म्हणजे चिपळूणच्या बाजूला नदीवर उतरतानाही घाटमाथ्यावरच्या धरणाचा विचार हवा.

फरशी पूल आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे यांवरून पाणी वाहत असेल तर गाडी थांबवा. वेगाच्या पाण्यात सहा इंच खोली माणसाचे पाय उचलायला पुरते, एक फूट पाणी छोटी मोटार तरंगवतं, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की भगदाड पडलंय हे दिसत नाही. स्थानिक ट्रॅक्टर गेला म्हणून आपली कार जाईल असं होत नाही. ट्रॅक्टर जड असतो, उंच असतो आणि चालवणाऱ्याला कडा ठाऊक असते.

ओढ्यांचं वेगळं. त्यांना भोंगाच नसतो. जून २०२४ च्या शेवटी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर डोंगरात पाऊस झाला की असा प्रवाह क्षणात फुगतो. निवळ पाणी गढुळलं, काटक्या-पालापाचोळा वाहत यायला लागला, आवाज खोल झाला, यांपैकी एकही खूण दिसली तर सामान गोळा करत बसू नका. आधी काठ चढा.

फुगवट्याचं शांत पाणी

धरणाच्या वरच्या बाजूचं, ज्याला सगळे बॅकवॉटर म्हणतात ते फुगवट्याचं पाणी, स्थिर असतं म्हणून निर्धोक वाटतं. पण तळाला शेतांचे बांध, विहिरी, जुने रस्ते, झाडांचे बुंधे आणि काही ठिकाणी घरांची जोतीही असतात. धरण भरल्यावर काठ जिथे टेकतो ती जमीन मे महिन्यात कोरडी होती. दोन महिन्यांपूर्वीच पाण्याखाली गेलेली माती लोण्यासारखी मऊ असते. गुडघाभर पाण्यात दोन पावलं पुढे टाकली की बांधाची कड संपते आणि पुरुषभर खोली लागते. पाय गाळात रुतलेला असताना पोहता येत असूनही वर येता येत नाही. इथे पोहायला उतरण्याची कुठलीच सुरक्षित पद्धत सांगता येणार नाही. उतरू नका, एवढंच.

नावेत बसताना लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवं, आणि मापाचं हवं. घालून सगळे बक्कल लावा, मग दुसऱ्याला खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जाईल. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट चालत नाही. दुपारी वारा सुटून लाटा उठल्या असतील तर नावाडी "काही होत नाही" म्हणाला तरी थांबा.

कुणी बुडताना दिसलं तर मागे उडी घेऊ नका. बुडणारा मिठी मारतो आणि दोघे जातात. काठावर आडवं पडून काठी, दोर, ओढणी पुढे करा. पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन फेकला तर त्याच्या आधाराने डोकं पाण्यावर राहू शकतं. दोर बांधलेला असा एक कॅन गाडीत ठेवायला काहीच खर्च नाही. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

वेळ आणि आभाळ

उत्तरा नक्षत्राच्या शेवटी आणि हस्तात पावसाची तऱ्हा बदलते. सकाळ निरभ्र, उकाडा, दुपारनंतर पूर्वेकडून काळे ढग आणि तासाभरात विजांसह धो-धो. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी वारे राज्यातून माघार घेईपर्यंत हे चालतं. म्हणून पहाटे निघा, अकरापर्यंत पाण्याजवळचं बघून घ्या, आणि तीनच्या आत घाटरस्त्याला लागा. कुंभार्लीसारख्या घाटात भिजलेल्या कड्याची दरड ऊन पडलेल्या दिवशीही सुटते. रस्त्यावर ताजी माती-खडे दिसले तर तिथे गाडी उभी करून फोटो काढू नका.

जलाशयाकाठचं मोकळं माळरान विजेसाठी वाईट जागा. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. पाण्यापासून दूर व्हा, एकट्या झाडाखाली थांबू नका, काचा लावून गाडीत बसा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप आसपासच्या विजा दाखवतं; पण फुगवट्याच्या दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून ते निघण्याआधी आणि शेवटच्या मोठ्या गावात उघडून बघा. त्याच थांब्यावर धरणाचा ताजा विसर्गही पुन्हा एकदा विचारून घ्या. सकाळी घरी वाचलेला आकडा एव्हाना चार-पाच तास जुना झालेला असतो.